अठ्ठावीस इंच पाणी

"नळीच्या टोकाला माती आली नाही, तर बर्फ मोजलाच नाही असं समजायचं," ग्रासियाना इरिबारेन एकदा एका टीव्हीवाल्याला म्हणाली होती. त्याला बर्फाच्या सौंदर्याबद्दल काहीतरी हवं होतं. त्याने ते वाक्य कापलं आणि नुसतं तिचं स्कीवरून घसरत येणं दाखवलं.

सिएरा नेवाडाच्या डोंगरांत, झाडीच्या वरच्या अंगाला टस्कर नावाचा माळ आहे. त्याच माळावर समुद्रापलीकडून आलेला तिचा बास्क बाप उन्हाळाभर मेंढरं चारायचा आणि त्याच माळावर ती एकतीस हिवाळे बर्फ मोजत आली. पाइनच्या खोडांवर ठोकलेल्या पिवळ्या पाट्यांनी दहा जागा ठरवून दिलेल्या. दर महिन्याला त्याच दहा. लांब नळी बर्फात उभी खुपसायची, पिळत पिळत जमिनीला भिडवायची, वर ओढायची आणि आधी टोक बघायचं. बोटभर काळी माती अडकली असेल तर नळी तळाला पोचली. नसेल तर सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. मग नळी काट्याला टांगायची. या बर्फाचं पाणी झालं तर किती इंच भरेल, ते काटा सांगतो. खाली खोऱ्यात धरण किती भरलेलं ठेवायचं आणि किती मोकळं, ते या आकड्यावर ठरतं. निदान ठरायला हवं.

जानेवारीतलं ते वादळ चार दिवस चाललं. खोऱ्यात पाऊस, डोंगरात बर्फ. रेडिओवरची बाई हे एका दमात, आशीर्वाद दिल्यासारखं म्हणायची. खोऱ्यात बदामाच्या बागा तीन वर्षं तहानलेल्या होत्या. लोक मुद्दाम छत्री न घेता बाहेर पडले. वर मात्र ओला, जड, चिकट बर्फ पडत राहिला, आणि त्याच्याबद्दल कुणालाच काही वाटलं नाही. डोंगर म्हणजे खोऱ्याचं कोठार, एवढंच त्यांना ठाऊक.

वादळ निवळलं त्या सकाळी ग्रासियाना आणि लॉइड टीग वर चढले. एकट्याने जायचं नाही असा नियम आहे, म्हणून बावीस वर्षं लॉइड तिचा जोडीदार. त्याचा गुडघा कुरकुरत होता आणि तोंडही.

"तुझ्यामागून चालायचं म्हणजे लग्न केल्यासारखंच आहे गं. नुसती पाठ दिसते."

"तुझ्या दोन्ही बायकांना तर तुझी पाठसुद्धा दिसली नाही. घरी कधी असायचास?"

तिसऱ्या पाटीपाशी नळी मध्येच अडली. डिसेंबरातला पाऊस गोठून दोन हात खाली बर्फाचा कठीण थर झाला होता. दोघांनी अंगाचा भार टाकला तेव्हा तो फुटला. नळी वर आली ती इतकी जड, की दोघांना धरावी लागली. दहा जागांची सरासरी निघाली : बर्फ बहात्तर इंच, त्यात पाणी अठ्ठावीस. तिचा विश्वास बसेना. दहाही जागा तिने पुन्हा मोजल्या. दहाही वेळा माती आली. हा बर्फ राहिलाच नव्हता. डोंगराने कसंबसं अडवून धरलेलं पाणी होतं ते. परवा येणारं दुसरं वादळ उबदार होतं, त्यात शिखरापर्यंत पाऊसच पडणार आणि हे सगळं सोबत घेऊन खाली उतरणार होता.

माळाच्या कडेला पाणी मंडळाने दोन वर्षांपूर्वी यंत्र बसवलं होतं. जमिनीवर अंथरलेली एक भलीमोठी गादी, आत न गोठणारं पाणी. वरच्या बर्फाचं वजन पडेल तसा आकडा थेट खाली कचेरीत जातो. त्या सकाळी तो सतरा होता. ग्रासियानाने बाजूने फावड्याने खणलं. त्या कठीण थराचं गादीवर छप्पर झालं होतं. वरचं बरंचसं ओझं त्या छपराने पेललं होतं आणि खाली गादी निवांत पडली होती. लॉइडने फोटो काढले.

दुपारी, खाली खोऱ्यात अजून रिपरिप चालू असताना, दोघं ओल्या कपड्यांनिशी मंडळाच्या बैठकीत जाऊन बसले. धरण काठोकाठ भरायला आलं होतं. दरवाजे आजच, थोडेथोडे उघडले तर नव्या पुराला जागा होणार होती. थांबलं तर परवा सगळे एकदम उघडावे लागणार, आणि धरणाखाली नदीच्या काठाला बागांत राबणाऱ्यांची साठ घरं होती. चाकांवरची घरं, पण चाकं केव्हाच काढून विकलेली. भिंतीवर त्यांचा नकाशा होता, प्रत्येक घराला एक क्रमांक आणि एक टाचणी.

अध्यक्ष ड्वाइट सॉर्ली शाळेत तिच्याच वर्गात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, फोटोही पाहिले.

"तीन वर्षांनी देवाने भांडं भरून दिलं, ग्रासियाना. आणि तू म्हणतेस ओतून टाका?"

मंडळाच्या इंजिनिअरने मधला मार्ग काढला. नळी आणि यंत्र यांचा मेळ बसला नाही तर दोन्हींची सरासरी घ्यायची, असा ठराव गेल्या वर्षीच झाला होता. म्हणजे साडेबावीस. साडेबावीसला दरवाजे उघडावे लागत नाहीत, हेही त्याने जाता जाता सांगितलं. सगळ्यांना हायसं वाटलं. खऱ्याची आणि खोट्याची सरासरी काढून ही माणसं रात्री शांत झोपणार होती.

"त्या गादीवर माझा हात गेला, ड्वाइट," ती म्हणाली. "कोपरापर्यंत. तिथे पोकळी होती. तुम्ही हवा मोजताय."

मग तिने विचारलं, दरवाजे उघडायचे नसतील तर निदान नदीकाठच्या लोकांना आज कोण सांगणार आहे.

"सांगायचं काय?" सॉर्ली म्हणाला. "अजून काही झालेलं नाही. उगाच घाबरून निघून जातील. बागांची छाटणी अर्धी राहिली आहे."

हे तो अगदी सहज बोलला. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं, आणि ग्रासियानाच्या कानशिलात रक्त चढलं ते त्या सहजपणाने. एकतीस हिवाळे ती ज्या आकड्यासाठी गुडघाभर बर्फ तुडवत आली, तो या टेबलावर यायचा तो छाटणी पूर्ण होते की नाही एवढं बघायला.

इंजिनिअरने कागद पुढे सरकवला. साडेबावीस छापलेलं होतं आणि खाली तिचं नाव, तेही आधीच छापलेलं. फक्त सही हवी होती. लॉइड मान खाली घालून गुडघा चोळत होता.

"सही कर आणि घरी जा," सॉर्ली समजुतीने म्हणाला. "दमली आहेस तू."

ती उठली. कागद होता तिथेच राहिला. ओला कोट तिने चढवला, टेबलाला वळसा घालून सॉर्लीच्या खुर्चीमागे गेली आणि भिंतीवरचा साठ घरांचा नकाशा टाचण्यांसकट उपटून काढला. दोन टाचण्या जमिनीवर पडल्या, त्या तिने उचलल्या नाहीत. "अगं, तो मंडळाचा आहे," कुणीतरी म्हणालं. भिजू नये म्हणून तिने तो गुंडाळून कोटाच्या आत छातीशी धरला आणि पावसात बाहेर पडली.