गोंड्याची टोपी

आखातात, मुसफ्फाच्या आमच्या यार्डात वेल्डिंग तपासायला फिनलंडचा एक इंजिनिअर यायचा. जोड पसंत पडला नाही की त्यावर पेन्सिलीने दोनदा टकटक करायचा आणि एकच शब्द बोलायचा, "अगेन." माझ्यासारखे जुने वेल्डरही त्याला टरकून असत.

एका वर्षी एक मेला सकाळी तो गेटबाहेर उन्हात ताठ उभा दिसला. डोक्यावर पांढरी टोपी, तिला लांब काळा गोंडा. आत हेल्मेटची सक्ती, म्हणून बाहेर.

"आज आमच्याकडे सण. इंजिनिअरिंगची पोरं ही टोपी घालतात," तो म्हणाला. "म्हातारी झाली तरी घालतात."

"पण इथं बघतंय कोण?"

"मी."

मी हसून म्हटलं, "आज आमचाही महाराष्ट्र दिन आहे."

"मग तुझी टोपी कुठाय?"

मी हेल्मेट डोक्यावर चढवून आत गेलो.

पुढच्या एक मेला गावाहून मागवलेली गांधी टोपी घालून मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. कंपनीच्या बसमधून उतरणारे सगळे फिदीफिदी हसत होते. त्याने मला निरखून पाहिलं, खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या टोपीवर दोनदा टकटक केलं.

"अगेन."

मी टोपी काढली आणि सरळ घातली.