पापड्यांचं ऊन

लालबागच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर पूर्वी दिवसभर ऊन असायचं. दोन्ही अंगांना टॉवर उभे राहिले आणि ऊन नळाच्या पाण्यासारखं वेळ पाळून येऊ लागलं. अकराला यायचं, दीडला जायचं. आईच्या साबुदाण्याच्या पापड्यांना दोन दिवस कडकडीत ऊन लागतं. त्या वर्षी पापड्या ओलसर राहिल्या, बुरशी आली. मजल्यावरच्या प्रत्येक घरी दर उन्हाळ्यात तिची पिशवी जायची, ती गेली नाही. कुणी चकार शब्द काढला नाही, आणि आईला तेच लागलं.

ती त्यातल्याच एका टॉवरमध्ये एकतिसाव्या मजल्यावर पोळ्या करायला जायची. पुढच्या चैत्रात तिने तिथल्या ताईंना भीत भीत विचारलं. ताई स्वभावाने भल्या.

"घाला की, मावशी. त्या बाल्कनीत कुणी जातच नाही. इतकं ऊन येतं की आम्ही दिवसभर पडदे ओढून बसतो."

मी तेव्हा कॉलेजात होते. प्लॅस्टिकचे कागद घेऊन मीही गेले. आई चमच्याने पापड्या घालत होती आणि मी कठड्यापाशी उभी राहून आमची गच्ची शोधत होते. सापडली तेव्हा ती काळोखी दिसली. सगळी चाळच सावलीत बुडाली होती. सकाळचे साडेनऊ तर वाजले होते! वर मात्र फरशी कोमट होती, वारा होता, माझगावच्या गोदीपलीकडे पाणी चमकत होतं. मी खाली बसले, डोळे मिटले. पापण्यांच्या आत सगळं केशरी झालं. कितीतरी वेळ मी कुणाचीच नव्हते.

मग खालून वॉचमनचा ताईंना फोन आला. बाल्कनीत काही वाळत घालायचं नाही, बाहेरून दिसतं. ताई ओशाळल्या. "मावशी, सॉरी हं. सोसायटीचा नियम आहे."

आईने कागद गुंडाळले. ओल्या पापड्या एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झाला. तिचा उन्हाळा दुसऱ्यांदा फुकट गेला होता. आणि खरं सांगते, मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"चल गो," ती म्हणाली.

"थांब ना जरा."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुका हयसर बरा वाटता, नाय?"

मला नाही म्हणता आलं नाही.