शिडातलं दोन बोटं कापड

घाटंजीपासून समुद्र किती लांब, हे मी एकदा वर्गात भिंतीवरच्या नकाशावर दोऱ्याने मोजून दाखवलं होतं. मी शिकवायचे इंग्रजी, पण त्या दिवशी भूगोलाचे सर रजेवर होते. दोरा पश्चिमेला लावला, पूर्वेला लावला, दोन्हीकडे पुरला नाही. "बाई, आपण बराबर मधात आहो!" मागच्या बाकावरून एक जण ओरडला. न विचारता बोलल्याबद्दल मी त्याला तास संपेपर्यंत उभं ठेवलं.

तोच मुलगा, आता पन्नाशीला टेकलेला, बाळांनो, या फेब्रुवारीत तुमच्या आत्याच्या दुकानात एक फाटकं शीड घेऊन आला.

आत्याचं दुकान तुम्ही पाहिलंय. दोन मशिनी, एक कापायचं टेबल, आणि कोपऱ्यात मी, तुमची आजी, कारण निवृत्त झाल्यापासून मापांची वही माझ्याकडे असते. वीस वर्षं तिने शाळेचे गणवेश शिवले. अधूनमधून ब्लाऊज, पण मुख्य काम गणवेशाचंच. घाटंजीत तिचं नाव झालं ते एका गोष्टीमुळे. ती प्रत्येक शिवणीत दोन बोटं कापड आत दुमडून ठेवायची. पोर वाढलं की शिवण उसवायची, कापड सोडायचं, पुन्हा टीप मारायची. तिने शिवलेली चड्डी तीन वर्षं चालते, असं आया एकमेकींना सांगत.

तर हा माझा विद्यार्थी. त्याचं घर बंजाऱ्यांच्या तांड्यावरचं. शाळा संपवून तो नौदलात गेला आणि वीस वर्षांनी परत आला. आता गावापासून पाऊण तासावरच्या धरणावर त्याने सहा छोट्या शिडाच्या होड्या ठेवल्या आहेत आणि आसपासच्या मुलामुलींना तो त्या चालवायला शिकवतो.

"आमच्या आज्यापणज्यानं समुद्राचं मीठ बैलावर लादून इथवर आणलं," तो म्हणाला, "मी समुद्रच आणून राह्यलो, बाई."

"समुद्र नाही, धरण," मी म्हटलं.

"पाहा ताई, अजूनही मार्क कापून राह्यल्या."

आत्याने शिडाला ठिगळ लावलं. ते देताना मी त्याची आठ घड्यांची चौकोनी पुडी केली आणि इस्त्रीचा भरवसा नव्हता म्हणून रात्रभर गादीखाली ठेवली. सकाळी घड्या कशा धारदार बसल्या होत्या! त्याने पुडी उघडली आणि कपाळाला हात लावला. "बाई, शिडाची घडी नाही करत. गुंडाळतात त्याले. आता हे आयुष्यभर बुद्धिबळाचा पट दिसन." मला वाईट वाटलं, पण तो हसत होता. "या तुम्ही दोघी धरणावर," तो म्हणाला, "ठिगळ कसं राह्यते ते तं पाहा."

आम्ही गेलो. बुद्धिबळाच्या पटासारखं ते शीड त्याने डोलकाठीवर चढवलं, बारा-तेरा वर्षांची एक मुलगी आत बसली आणि होडी निघाली. ना आवाज, ना धूर. मी इतकी वर्षं गोष्टींत वाचलेली चीज माझ्या समोर, जिथे उन्हाळ्यात टरबुजाच्या वाड्या लागतात त्या काठावरून, सरसर निघून गेली. आत्या मात्र होडी पाहत नव्हती. ती तिचं ठिगळ पाहत होती. ते ताणलं जात होतं आणि सुटत नव्हतं.

आम्ही परत निघालो. घाटंजीचा बाजार दिसायला लागल्यावर आत्या म्हणाली, "आई, मी गणवेश सोडू का?"

ही गोष्ट साधी नव्हती. तो म्हणाला होता की नवी शिडं फार लांबून मागवावी लागतात आणि चार-चार महिने वाट पाहावी लागते. आत्याने एक चांगलं शीड शिवून दाखवलं, तर मे महिन्याच्या शिबिरासाठी सहाही होड्यांची शिडं तीच शिवेल, आणि ओळखीच्या इतर तलावांवरच्या लोकांनाही तो तिचं नाव सांगेल. पण गणवेशांचं कामही त्याच महिन्यांतलं. शाळेला मार्च संपायच्या आत हो किंवा नाही कळवायचं होतं. एकदा नाही म्हटलं की शाळा दुसरा शिंपी बघणार आणि पुढच्या वर्षी परत विचारणार नाही. दोन्ही कामं करणं शक्य नव्हतं. शीड जमलं नाही, तर एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा त्याच निळ्या चड्ड्या.

"एक शिवून पाहू," मी म्हटलं. "मार्च संपायला वेळ आहे."

त्याने शिडाचं कापड मागवून दिलं. दोन शिडांना पुरेल एवढंच होतं. हे कापड सुती नसतं. कागदासारखं कडक असतं आणि हातात घेतलं की खडखडतं. सोबत शिवायची माहिती देणारं एक इंग्रजी पुस्तक. "इंग्रजी तुमचं काम, बाई," म्हणून त्याने ते माझ्या हातात दिलं. मी चष्मा पुसून बसले. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला प्रत्येक शब्दाचा अर्थ येत होता आणि एकाही वाक्याचा नाही. शेवटी मी वहीत एका बाजूला शब्द लिहिले, दुसऱ्या बाजूला आकृत्या काढल्या आणि रोज संध्याकाळी फोन करून माझ्याच विद्यार्थ्याला प्रश्न विचारू लागले. तोही कमी नाही. "आधी हात वर करा, बाई," म्हणायचा.

एक गोष्ट मात्र पुस्तकावाचून आत्याला कळली. शीड चादरीसारखं सपाट नसतं, त्याला पोट असतं. कापडाच्या पट्ट्यांच्या कडा किंचित गोलाईत कापून जोडल्या की मधे खोलगा तयार होतो, आणि त्यात वारा भरतो. तो हे हातवारे करून समजावत होता, तर आत्या मधेच म्हणाली, "अवो भाऊ, मग हे तं कटोरी ब्लाऊजच झालं!"

नौदलात वीस वर्षं काढलेला तो माणूस लाजून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

शीड आखायला आमच्या घरात जागा नव्हती. पाच मीटर उंचीचं ते. म्हणून बुद्धविहारातला हॉल मागितला. दुपारी तिथे कोणी नसतं. फरशी आम्ही दोघींनी पुसून काढली, चपला बाहेर ठेवल्या, आणि गुडघ्यांवर रांगत आत्याने खडूने पहिली रेघ मारली. दुसऱ्या दिवशी विहारातल्या बाया जमल्या.

"बाप्पा, येवढा मोठा परकर कोणाले?"

"परकर नाही, शीड हाये. होडीचं."

"घाटंजीत होडी? आमच्या नळाले पाणी नाही अन् तुमची होडी!"

पण हसता हसता त्यांनीच कापडाचे कोपरे धरले. आखलेली रेघ वाकडी वाटली की मी पट्टी लावायचे. एका म्हातारीने तर खडू काढून घेतला आणि म्हणाली, "तुमची पट्टी जाऊ द्या, ही रेघ डोळ्यानं मारा लागते." तिचीच बरोबर आली. वहीत मी तसं लिहून ठेवलं आहे.

शीड तयार झालं. मी घडी केली नाही, गुंडाळलं.

धरणावर त्याने ते डोलकाठीवर चढवलं. तो होडीत बसला, दोर ओढला, आणि शीड भरलं. पण काहीतरी चुकलं होतं. मागची कड आत वळत होती, तळहाताची ओंजळ करावी तशी. वारा आत अडकत होता. होडी पुढे जायचं सोडून खेकड्यासारखी आडवी सरकत होती. तीन वेळा तो पाण्यात गेला आणि तीन वेळा परत आला.

"ताई, मागची कड वाऱ्याले सोडूनच नाही राह्यली," तो म्हणाला. "काहून, ते मले नाही सांगता येत. मी शीड वापरणारा, शिवणारा नाही."

मार्चचे चार दिवस उरले होते. घरी आल्यावर आत्याने शाळेच्या बाईंचा नंबर काढला आणि फोन समोर ठेवून बसली. मी म्हटलं, "उद्या कर." मला माझी एक पद्धत माहीत आहे. उत्तर चुकलं की बरोबर उत्तराशेजारी ठेवून बघायचं. सकाळी गच्चीवर कपडे वाळवायच्या दोरीवर मी दोन्ही शिडं शेजारी टांगली, मापासाठी त्याच्याकडून आणलेलं जुनं ठिगळाचं आणि नवं, आणि उन्हाच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभी राहिले.

जुन्या शिडातून ऊन सारखं येत होतं. नव्यात मात्र प्रत्येक जोडावर आणि मागच्या सगळ्या कडेला जाड काळे पट्टे दिसत होते, खिडकीच्या गजांसारखे.

"हे काय गं?"

"काय? आत कापड ठेवलं नं, आई. नेहमीसारखं दोन बोटं."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? पुढंमागं उसवून सोडता यावं म्हणून. वाढते तेव्हा..."

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. आणि मग आम्ही दोघी गच्चीवर अशा हसलो की शेजारची बाई काय झालं बघायला जिन्यात आली. आत्या डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती. तिने तिथूनच त्याला फोन लावला.

"भाऊ, शीड वाढत नाही नं?"

"काय?"

"वयानं. मोठं होत नाही नं?"

"ताई, वीस वर्षांत म्या वाढलेलं शीड नाही पाह्यलं. तब्येत बरी हाये नं?"

त्या जाड दुमडीनेच मागची कड ताठ होऊन आत वळत होती. पण आता खरी परीक्षा होती. या कापडाला सुईची भोकं पडली की ती बुजत नाहीत, त्यामुळे उसवून तेच पुन्हा शिवता येत नव्हतं. उरलेल्या कापडात एकच शीड होतं. पुन्हा विहार, पुन्हा खडू, पुन्हा त्या बाया. आत्याने कात्री घेतली आणि रेघेपाशी आणून थांबली. तिचा हात आपोआप रेघेच्या बाहेर, दोन बोटांवर जात होता. वीस वर्षांची सवय. मी म्हटलं, "आत ये." ती म्हणाली, "भीती वाटून राह्यली. काही चुकलं तं सोडायले काहीच नाही."

"मग चुकू नकोस," मी म्हटलं. शाळेत मी असंच बोलायचे आणि मुलांना ते आवडायचं नाही. तिलाही आवडलं नसावं. पण कात्री आत आली, पुस्तकात सांगितलेल्या अरुंद शिवणीवर, आणि न थांबता टोकापर्यंत गेली.

मार्चच्या शेवटच्या दिवशी आम्ही पुन्हा धरणावर होतो. चार वाजेपर्यंत पान हलत नव्हतं. शिकणारी पोरं काठावर बसून पाण्यात खडे मारत होती. आत्या सारखी फोनमधलं घड्याळ बघत होती, कारण शाळा पाचला बंद होते. मग पश्चिमेकडून गरम वारा सुटला, पाण्यावर सुरकुत्या धावत आल्या, आणि तो म्हणाला, "चाला ताई. या वेळी तुम्ही दोर धरा."

ती याआधी कधी होडीत बसली नव्हती. लाइफ जॅकेटचे पट्टे मीच आवळले. काठापासून दहा हातांवर शीड दोनदा फडफडलं आणि मग तव्यावरची भाकर टम्म फुगावी तसं फुगलं. मागची कड सरळ. एक सुरकुती नाही. होडी कलली आणि सुटली. पोरं उठून किंचाळायला लागली. बाळांनो, मी एकोणसत्तर वर्षांची, मीही किंचाळले. पदर वाऱ्याने तोंडावर आला, तो मी काढला नाही, कारण हात टाळ्यांत गुंतले होते. आत्या तिकडून ओरडून काहीतरी सांगत होती. एक शब्द ऐकू येत नव्हता, पण ती दोराच्या हाताने शीड दाखवत होती, पुन्हा पुन्हा, जणू ते मला दिसतच नव्हतं.

परत आल्यावर त्याने शिडाच्या कडेवरून बोट फिरवलं, वरून खालपर्यंत.

"बोला ना भाऊ," आत्या म्हणाली.

"काय बोलू? सहा, ताई. मेच्या आधी."

तिने ओल्या साडीनेच, तिथे काठावर उभं राहून शाळेत फोन लावला. पाचला दहा मिनिटं होती. या वर्षी गणवेश जमणार नाहीत, एवढं तिने नीट सांगितलं. पलीकडून बाईंनी विचारलं असावं की मग काय शिवणार, कारण ती म्हणाली, "शिडं, मॅडम. होडीची." मग पलीकडचं ऐकून, "हो, घाटंजीतच." फोन ठेवल्यावर ती वाळूत खाली बसली. मी तिच्याशेजारी बसले. ती हसत होती का रडत, मी नीट पाहिलं नाही.

"बाई," तो म्हणाला, "आता तुमचा नंबर."

"माझा हात वर नव्हता."

"माह्या वर्गात हात वर नाही करा लागत."

मी बसले. वीस मिनिटं पाण्यावर होते. ते कसं वाटलं हे लिहायला मी तीनदा पान फाडलं, म्हणून आता लिहीत नाही. तुम्हीच बसून बघा.

सहांपैकी चार शिडं झाली आहेत. विहारात आता दुपारी दोन बाया रोज कामाला येतात, त्यांतली एक ती रेघवाली म्हातारी. माझ्याकडे नवी वही आहे. तुम्ही हिवाळ्यात येणार, म्हणून होडीत घालायला आत्याने तुमच्यासाठी लांब बाह्यांचे दोन सुती शर्ट शिवले आहेत. मापं मी मागच्या वर्षीच्या पानावरून दिली. शर्ट उलटा करून पाहिला, तर शिवणीत सगळीकडे दोन बोटं कापड आत होतं. ते बरोबर आहे.