सोपान मापाला बसला

चारा साठवायचा तर जागा लागते, आणि त्याआधी पाऊस लागतो. किस्से मात्र आपोआप साठतात. दुष्काळात तर जास्तच, कारण जनावराजवळ बसून राहण्यापलीकडं माणसाला काम उरत नाही, आणि बसलेला माणूस इकडंतिकडं बघत राहतो. माझ्याकडं साठले ते सगळे असल्या बघण्याचेच किस्से आहेत.

त्या वर्षी आमच्या गावच्या दूध संस्थेनं केज-धारूर रस्त्याला माळावर छावणी उघडली. गावोगावची जनावरं तिथं आणून बांधली. लांबून ट्रकनं ऊस यायचा. त्याच्या पेंड्या बांधायच्या, काट्याला टांगायच्या आणि दर मोठ्या जनावरामागं सारख्या वजनाची एक पेंडी द्यायची. बैल असो का गाय, माप एकच. हे मापाचं काम माझ्याकडं आलं. शाळा माझी चौथीपर्यंत, पण आकडे वाचता यायचे. चेअरमन म्हणाले, "नामदेव, मापाला कमी बोलणारा माणूस बरा असतो."

तसं काही नसतं, हे मला पुढं कळलं.

*

महादेव आणि त्याचा मेहुणा दत्तू, दोघांची दावण शेजारी शेजारी. रोज महादेवाला दत्तूची पेंडी मोठी दिसायची. काट्यावर दोन्ही सारख्या, तरी रोजची कुरकुर. एक दिवस मी म्हणालो, "महादेव, आज आधी तू उचल. पायजे ती घे."

त्यानं दोन्ही पेंड्यांभोवती फेरी मारली. एक उचलून बघितली, दुसरी उचलून बघितली, आणि एक खांद्यावर घेतली. उरलेली दत्तूनं घेतली. दहा पावलं गेल्यावर महादेव थांबला.

"दत्तू, ती खाली ठिव. बदलू."

दत्तू गरीब माणूस. त्यानं बदलून दिली. परत दोघं दहा पावलं गेले. महादेव परत थांबला, मेहुण्याच्या खांद्याकडं बघत म्हणाला, "तुझ्या खांद्यावर गेली की वाढती का बे पेंडी?"

*

मग सगळेच काट्याविषयी बोलायला लागले. काटा मारतोय, स्प्रिंग ढिली हाय, निझामाच्या काळातला हाय. तक्रार तालुक्याला जायची वेळ आली. चेअरमननं काटा खाली उतरवला आणि जीपमध्ये टाकून अंबाजोगाईला नेला. तिसऱ्या दिवशी लालभडक काटा परत आला.

पहिली पेंडी लागली तसा एक म्हातारा पुढं आला. पेंडी हातात तोलून म्हणाला, "आता कसं! हे झालं खरं माप."

सगळ्यांनी माना हलवल्या. पुढं आठ दिवस कुणाची तक्रार नाही.

सोपान तेवढा माझ्याजवळ येऊन बसला. सोपान म्हणजे माझा जोडीदार. आम्ही लहानपणी एका माळावर गुरं राखली, एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्ले. त्यानं तंबाखू मळली, अर्धी मला दिली आणि हळूच विचारलं, "काटा तोच हाय ना? नुसता रंग दिलाय."

मी मान हलवली.

"चेअरमनला सांग, पुढल्या बारीला हिरवा लाव. चारा बी हिरवा दिसंल."

त्या वर्षी मी जे काही हसलो, ते सोपानमुळं.

*

धनगराची सरूबाई दोन म्हशी घेऊन छावणीत होती. सकाळी संस्थेला दूध घालायची. एकदा तालुक्याहून सुपरवायझर आला. तरणा पोरगा, इस्त्रीची पँट. त्यानं दुधात यंत्र सोडलं आणि भुवया उडवल्या.

"मावशी, पाणी घातलंय."

सरूबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग टँकरची वाट बघत लावलेल्या घागरींच्या रांगेकडं बघितलं. तिचा आवाज चढला नाही.

"कुठं दिसलं तुला पाणी, लेकरा? मला दाव. आदी मी पिते, मग म्हशीला पाजते. उरलं तर तू म्हणतो तसं दुधात घालते."

सुपरवायझरनं दूध घेतलं. वहीत मात्र 'पातळ' असंच लिहिलं. त्याच्या यंत्रात म्हशीच्या बरगड्या दिसत नव्हत्या.

*

आता सोपानचं सांगतो.

सोपानकडं एकच बैल उरला होता, हरण्या. जोडीतला दुसरा आदल्या उन्हाळ्यात गेलेला. हरण्या अंगानं थोराड, उभा राहिला की छावणीतच बांधलेल्या माझ्या गाईच्या दुप्पट दिसायचा. पेंडी मात्र तेवढीच. दुपारपर्यंत खाऊन संपायची, मग तो दिवसभर जमीन चाटायचा. आणि माझी गाय म्हातारी, दात पडलेली. तिच्या पेंडीतलं रोज थोडं उरायचं.

म्हणून मी रोज पहाटे माप झाल्यावर, रांग लागायच्या आधी, माझ्या गाईच्या पेंडीतून दोन मुठी ऊस काढायचो आणि सोपानसाठी बाजूला ठेवलेल्या पेंडीत खोचायचो. उघड दिलं असतं तर सगळ्या छावणीनं मागितलं असतं, आणि सोपाननं घेतलं नसतं. दीड महिना असं चाललं. हरण्या तगून होता.

एके दिवशी सोपान लवकर आला. दोन्ही पेंड्या सुटलेल्या, मी मधी उभा, हातात ऊस. तो बघत राहिला.

"नामदेवा, माझ्या पेंडीतलं काढतोस?"

"काढत न्हाई, सोपाना. घालत होतो."

"व्हय. छावणीत लोक दुसऱ्याच्या पेंडीत घालत्यात. लई ऐकलंय."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं शांतपणे आपली पेंडी बांधली आणि गेला. त्या दिवसापासून बोलणं बंद. तंबाखू काढायचा, एकटाच मळायचा, तोंड फिरवून खायचा. मी एकदा उघडपणे दोन मुठी त्याच्या दावणीत नेऊन टाकल्या. त्यानं त्या उचलून परत माझ्या गाईपुढं आणून ठेवल्या. "तुझं नगं मला. माझं माप मला दे."

शेवटी मीच चेअरमनला म्हणालो, सोपानला मापाजवळ बसू द्या. मला वाटलं, जवळ बसला तर कधीतरी बोलेल.

सोपान पहाटेपासून काट्याशेजारी पोत्यावर बसायला लागला. नजर माझ्या हातावर. आता मूठभर काय, एक कांडं इकडचं तिकडं करता येईना. माझ्या गाईपुढं उरलेला ऊस तसाच वाळायला लागला.

बारा-पंधरा दिवस गेले. एका सकाळी सोपाननं आपली पेंडी स्वतः काट्यावरून उतरवली, हातानं तोलली. म्हणाला, "आता वजन लागतंय हाताला. मधी लई हलकी येत होती."

मग त्यानं चंची काढली. तंबाखू मळली. अर्धी मला दिली. मी घेतली. मला इतकं बरं वाटलं की हरण्याकडं बघायचं मी टाळलं.

पुढं रोज तो येऊन बसायचा, आधीसारखं बोलायचा. गुरं राखायच्या दिवसांचं काढायचा. चेअरमनच्या चालीची नक्कल करून दाखवायचा. मी हसायचो आणि खाली बघून माप करायचो. हरण्याच्या पाठीचे मणके एकेक करून वर येत होते. सोपान म्हणायचा, "ऊनच लई हाय औंदा. चारा तर पुरा भेटतोय."

मृगाला चार दिवस राहिले असताना हरण्या सकाळी उठला नाही. आम्ही चौघांनी खांदा लावून बघितला. दुपारी त्यानं मान टाकली.

सोपान त्याच्या डोक्याशी बसला होता. सरूबाईनं तिच्या वाट्याचं तांब्याभर पाणी आणून ठेवलं होतं, ते तसंच होतं. मी शेजारी जाऊन बसलो. मग त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरं झालं नामदेवा, मी मापाला बसलो. न्हाईतर जन्मभर मला वाटलं असतं, तूच ह्याला उपाशी मारला."

त्यानं चंची काढली, तंबाखू मळली आणि अर्धी माझ्यापुढं धरली.

मी घेतली.