सीडीला लावलेलं कुंकू

तुम्ही निवांत चहा घ्या, तोपर्यंत मी माझ्याच हातांनी माझी अब्रू वेशीवर टांगतो. दसरा जवळ आला की आमच्या घरात हा विषय निघतोच. मग मी उगाच गॅलरीत जातो आणि कुंड्यांना पाणी घालत बसतो. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास आमची तुळस कुजते, ती यामुळेच!

काळ तो, जेव्हा कॉम्प्युटरमधलं काही दुसरीकडे न्यायचं तर फ्लॉपी लागायची. काळी, चौकोनी, चपटी. आणि तिच्यात मावायचं तरी किती? एखादी कथा, चार-दोन कविता, की झाली गच्च. मुलुंड पूर्वेला आमचं दोन खोल्यांचं घर. घरात मी आणि आई, आणि बंद केलेल्या गॅलरीत माझा डीटीपीचा धंदा. म्हणजे लोकांनी हाताने लिहिलेलं कॉम्प्युटरवर टाइप करायचं, त्याची पानं लावायची आणि छापखान्यात पोचवायची. लग्नपत्रिका म्हणू नका, सोसायटीचे अहवाल म्हणू नका, येईल ते काम घ्यायचो.

पण मोठं काम वर्षातून एकच. आमच्या भागातल्या वाचनालयाचा दिवाळी अंक! त्याचे संपादक देवस्थळी सर. निवृत्त शिक्षक. त्यांनी मला शाळेत मराठी शिकवलं होतं, त्यामुळे तिशी ओलांडली तरी मी त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभा राहायचो. त्या वर्षी अंक रौप्यमहोत्सवी होता. सरांनी वर्षभर लेखकांच्या मागे लागून, काहींच्या तर घरी जाऊन बसून, मजकूर मिळवला होता. त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं.

छापखाना घाटकोपरला, पंकजभाईंचा. त्यांचा शब्द असा, की दसऱ्याला मशीनची पूजा झाली की पहिलं काम तुमचंच लावतो. पण तो मुहूर्त चुकला तर लगेच कॅलेंडरांची छपाई सुरू होणार आणि मशीन मोकळं होणार ते थेट दिवाळीनंतर. आता मला सांगा, दिवाळीनंतर आलेला दिवाळी अंक कोण घेतं? फटाक्यांचा कचरा भरायला तरी घेईल का कोणी?

आणि त्यात रौप्यमहोत्सव म्हणून सरांनी फोटो घातले. भरपूर फोटो! लावून झालेली पानं फ्लॉपीत मावेनात. पंकजभाईंनी फोनवर सांगितलं, "नंदूभाई, सीडी आण ना. आता सगळे सीडीच आणतात."

सगळे म्हणजे कोण, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण मी सीडी रायटर घेतला! अहो, काय सांगू त्याची मिजास. बटण दाबलं की कप्पा असा अलगद बाहेर यायचा, राजासारखा. आणि कोऱ्या सीड्या सोनेरी. अक्षरशः सोन्याच्या! एका सीडीत शेकडो फ्लॉप्या मावतात म्हणे. वर डब्यावर छापलेलं, की ही शंभर वर्षं टिकते. मी सोसायटीत भेटेल त्याला ते वाचून दाखवलं. वॉचमनलासुद्धा.

आईने विचारलं, "हा लिहितो कशाने रे?"

म्हटलं, "प्रकाशाने."

"प्रकाशाने लिहितो?" आईने त्याला हात जोडले. मग निरांजन आणून ओवाळलंसुद्धा. मला तेव्हा ते जरा जास्त वाटलं, पण मनातून बरं वाटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सीडी लिहायला बसलो. रायटरबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, लिहिताना कॉम्प्युटर जराही अडखळला की सीडी वाया. झालं! मी फ्रीज बंद केला. आईला मिक्सर लावू दिला नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंना हात जोडून सांगून आलो, की तासभर खलबत्ता नको. आईला खुर्चीवर बसवलं आणि चालू नकोस म्हटलं. तिने तिथूनच विचारलं, की शिंक आली तर चालेल का. मी म्हटलं, नको.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'अंक' नावाचं चित्र होतं. ते उचललं, सीडीच्या खिडकीत टाकलं आणि श्वास रोखून बटण दाबलं.

आणि काय सांगू! तासभर लागेल म्हणून जीव मुठीत धरून बसलो होतो, तर चहा गाळून होईपर्यंत सीडी तयार! अख्खा दिवाळी अंक, फोटोंसकट! कोणालाही इथे शंका आली असती. मला अभिमान वाटला. म्हटलं, काय फास्ट मशीन आहे यार!

पण मी काही बावळट नव्हतो बरं का. मी तपासून पाहिलं. सीडी परत आत घातली, 'अंक'वर क्लिक केलं आणि झकास मुखपृष्ठ उघडलं. आईला दाखवलं. सगळी पानं उघडून पाहिली. मग, सीडी शंभर वर्षं टिकणार म्हटल्यावर कॉम्प्युटरमध्ये तेच ठेवून जागा कशाला अडवायची? अंकाचा सगळा फोल्डर पुसून टाकला. कॉम्प्युटरमधला कचऱ्याचा डबाही रिकामा केला. मोकळ्या झालेल्या जागेत एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचा मोटारींच्या शर्यतीचा गेम टाकला. आणि अंकाचा कच्चा मजकूर ज्यांच्यात होता त्या सगळ्या जुन्या फ्लॉप्या रद्दीच्या पिशवीत टाकल्या. आईला म्हटलं, गेलं यांचं राज्य, पिशवी उद्या रद्दीवाल्याला देऊन टाक. आणि शर्यत खेळायला बसलो.

दसऱ्याला सकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर आईची पूजा मांडून झालेली. चौरंगावर कीबोर्ड, माझी मोजपट्टी, कात्री. सगळ्यांना झेंडूची फुलं. आणि मधोमध सीडी. चमकती बाजू वर. त्या चमकत्या बाजूवर ओल्या कुंकवाचं ठळक स्वस्तिक, आणि त्यावर अक्षता चिकटलेल्या.

सीडी त्याच बाजूने वाचली जाते हो! मी तिला बोटसुद्धा लागू देत नव्हतो!

मी सणासुदीचा आईवर ओरडलो. ती म्हणाली, "तूच म्हणालास ना, सगळं हिच्यात आहे? मग पूजा हिची नाही करायची तर कशाची?" मुद्दा बरोबर होता, म्हणून मी आणखी ओरडलो. पंच्याने सीडी पुसली, ती गुलाबी झाली. पुन्हा पुसली. आई स्वयंपाकघरात निघून गेली. मी सीडी घेतली आणि सरांना बरोबर घेऊन घाटकोपर गाठलं.

पंकजभाईंच्या छापखान्यात जत्रा होती. मशीनला भलामोठा हार, नारळ फोडलेला, कामगारांना जिलेबी वाटणं चाललेलं. सर ठेवणीतला रेशमी झब्बा घालून आले होते, हातात पेढ्यांचा पुडा. अंक मशीनवर चढला की सगळ्यांना पेढे द्यायचे, असं ठरवून आले होते. पंकजभाईंनी सीडी आत घातली. घूं घूं आवाज झाला. 'अंक'चं चित्र दिसलं. क्लिक केलं.

फाइल सापडत नाही.

पुन्हा क्लिक. सापडत नाही. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आईने कुंकू लावलं हिला." सगळे कामगार सीडीकडे बघायला लागले. एकाने ती चष्म्याच्या फडक्याने पुसली, दुसऱ्याने साबणाने धुतली. प्रत्येक वेळी घूं घूं, आणि सापडत नाही. मग मी काय केलं असेल? छापखान्यातून घरी फोन लावला आणि सगळ्यांसमोर आईला सुनावलं, की तुझ्या कुंकवाने अंकाची वाट लागली. पलीकडून आई हळूच म्हणाली, "मग आता रे?" मी फोन ठेवून दिला.

तोवर पंकजभाई पडद्याजवळ वाकून काहीतरी निरखत होते. ते शांतपणे म्हणाले, "नंदूभाई, कुंकू सोड. सीडी एकदम साफ वाचते आहे. पण इसमें माल किधर है? हे तर शॉर्टकट आहे."

सरांनी विचारलं शॉर्टकट म्हणजे काय. पंकजभाईंनी समजावलं. पडद्यावरचं ते चित्र म्हणजे अंक नव्हे. अंक आत कुठल्या कप्प्यात ठेवलाय, त्याचा फक्त पत्ता. म्हणून घरी सीडीवर क्लिक केलं की ती मला माझ्याच कॉम्प्युटरमधला अंक उघडून दाखवत होती! त्या चित्राच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण असतो, त्याने ते ओळखायचं. मला ती इतके दिवस नक्षी वाटत होती.

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे नंदू, तू अनुक्रमणिका छापायला आणलीस, आणि अंक घरी ठेवून आलास."

आमच्या सरांनी आयुष्यभर अवघड गोष्टी अशाच सोप्या करून सांगितल्या.

पंकजभाई म्हणाले, फिकर नको, घरी जाऊन मूळ फाइल घेऊन या. मी थांबतो.

आता बोला! मी जमिनीकडे बघत सांगितलं, की घरी पण नाही. पुसला. का पुसला? जागा हवी होती. कशाला? मी म्हटलं, कामाला. मोटारींची शर्यत म्हणायची माझी हिंमत झाली नाही. सर मटकन कागदाच्या रिमवर बसले. पेढ्यांचा पुडा तसाच मांडीवर. वर्षभराची मेहनत गेली हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी छडी मारली असती तर बरं वाटलं असतं, खरंच सांगतो. मला रडू यायचं बाकी होतं.

मग एकदम फ्लॉप्या आठवल्या! पण रद्दीवाला सकाळीच येतो. मी घाबरत घाबरत पुन्हा घरी फोन लावला.

"आई, ती रद्दीची पिशवी गेली का गं?"

"गेली."

मी रिसीव्हर खाली ठेवायलाच निघालो.

"पण त्या काळ्या चौकोनी आहेत," आई म्हणाली. "पिशवीतून काढून घेतल्या मी. इतकी वर्षं घर चाललं त्यांच्यावर, आणि दसऱ्याला पूजा न करता रद्दीत घालायच्या? तुझ्या सोन्याच्या ताटलीमागे मांडल्या होत्या. तुझं लक्ष कुठे होतं?"

मी ओरडलो, तशाच घेऊन ये! तर म्हणाली, मांडलेली पूजा अशी उचलू नये, आधी अक्षता टाकून हलवते. फोन तसाच चालू ठेवून तिने शांतपणे सगळं यथासांग केलं. इकडे मी रिसीव्हर कानाला लावून पळी-पंचपात्राचा आवाज ऐकतोय!

आई एकटी कधी रिक्षात बसायची नाही. त्या दिवशी मुलुंडहून घाटकोपरपर्यंत रिक्षाने आली. हातात पुऱ्यांचा स्टीलचा डबा, डब्यात झेंडूच्या पाकळ्या, पाकळ्यांवर फ्लॉप्या, आणि प्रत्येक फ्लॉपीला हळदीकुंकू. पंकजभाईंनी आधी फ्लॉप्यांना नमस्कार केला आणि मग एकेक आत घातली. खर्र, खर्र. उघडली! दुसरी. उघडली! प्रत्येक फ्लॉपीला अख्खा छापखाना टाळ्या वाजवत होता. फक्त एक उघडेना. तिच्यात सरांचीच कविता होती, ती त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवली आणि मी टाइप केली. मूळ कवितेपेक्षा दोन कडवी जास्त निघाली, पण त्या दिवशी त्यांना अडवणार कोण?

मूळ फोटो लेखकांना परत द्यायचे म्हणून सरांनी पिशवीतून बरोबर आणलेच होते. पंकजभाईंनी ते पुन्हा स्कॅन करून दिले, मी तिथेच बसून एकेक पान नव्याने लावत गेलो. मशीन तोवर मुहूर्ताचं म्हणून थांबवून ठेवलं. आई शेजारी स्टुलावर बसून होती. मध्येच तिने हळू आवाजात विचारलं, "माझ्या कुंकवाने बिघडली का रे ती?"

सकाळपासून ती तेच मनात घेऊन बसली होती. मला स्वतःची फार लाज वाटली.

"नाही गं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तिच्यात काही नव्हतंच."

आईचा चेहरा खुलला. मग तिने विचार केला. "म्हणजे मी मधोमध मांडून पूजा केली ती रिकामीची?"

छापखाना इतका हसला की सरांच्या मांडीवरचे पेढे सांडले. तेच उचलून सगळ्यांनी खाल्ले. संध्याकाळी अंकाचं पहिलं पान मशीनवर चढलं आणि अंक दिवाळीच्या आधी वाचकांच्या हातात पडला. सरांनी आभारांमध्ये एक ओळ घातली. 'संगणक साहाय्य' आणि पुढे माझ्या आईचं नाव. ती ओळ टाइप मीच केली. सर मागे उभे राहून शुद्धलेखन तपासत होते.

आता आई थकली, पण दसऱ्याची पूजा अजून तीच मांडते. सीडी गेली, पेन ड्राइव्ह आला. चौरंगावर काहीही ठेवायच्या आधी ती मला विचारते, "ह्यात खरंच काही आहे ना, की नुसती अनुक्रमणिका?" मी उघडून दाखवल्याशिवाय कुंकू लागत नाही.

गेल्या दसऱ्याला मी जरा रुबाबात सांगितलं, "आई, आता असं घरात काही ठेवायचं नसतं. माझं सगळं काम वर असतं. क्लाउडमध्ये."

आईने मान वर करून पंख्याकडे पाहिलं. म्हणाली, बरं. आणि मूठभर अक्षता वर उडवल्या.

वर कुठल्या राहणार? सगळ्या माझ्या टकलावर पडल्या. आई म्हणाली, "बघ, हेही रिकामंच निघालं."