गरम सांध्यावर नारळ

मागच्या ऑक्टोबरातला एक शनिवार. नारळ आणि पेढे मिळून दोनशे ऐंशी रुपये. हजर होते कंत्राटदार, त्यांची माणसं आणि पाइपाचं आवरण तपासणारा मी. मशीनवाला गुजरातेतल्या मही नदीच्या पलीकडच्या काठावर, फोनवर.

पूर्वी पाण्याची लाइन नदीतून न्यायची तर पात्र खोदायचे, पाणबुडे उतरायचे. आता पात्राच्या खालून आडवं भोक पाडतात, त्यात पातळ चिकणमाती भरतात आणि अलीकडच्या काठावरचा पाइप पलीकडून ओढून घेतात. मध्ये फार थांबायचं नाही. माती घट्ट झाली की पाइप अडकलाच. आमच्याकडे जागा अपुरी, म्हणून पाइप दोन तुकड्यांत होता. पहिला आत गेल्यावर थांबून दुसरा जोडला, सांध्यावर प्लास्टिकची पट्टी तापवून बसवली. ती निवली की पुन्हा ओढायचं.

ती गरम असतानाच कंत्राटदारांनी दुसऱ्या तुकड्याची पूजा म्हणून तिच्यावर नारळ आपटला.

"अहो, हे काय केलंत?"

"देवाचं काम आहे साहेब. चालशे!"

मी विजेचा दाब दिलेला तारांचा ब्रश सांध्यावरून फिरवला. आवरणाला छिद्र असलं की ठिणगी पडून शिटी वाजते. वाजली. हा सांधा नदीच्या मधोमध खाली जाणार. तिथे गंज धरला तर कुणाचा हात पोचणार होता?

फोनवर मशीनवाला ओरडत होता, "माती फिरवत ठेवलीय, पण तासाभराच्या पुढे माझी हमी नाही!"

"पट्टी कापा," मी म्हणालो.

"पाइप अडकला तर तुमच्या ब्रशनेच ओढून काढा," कंत्राटदार म्हणाले.

नवी पट्टी बसली. ती निवली. पुन्हा ब्रश फिरवला. शिटी नाही.

"ओढा."

पाइप हलेना. दुसऱ्या झटक्यालाही हलेना. तिसऱ्याला पाइप कुरकुरला, सरकला. सांधा भोकात दिसेनासा होईपर्यंत मी तिथून हललो नाही.

संध्याकाळी पाइपाचं तोंड पलीकडे निघाल्याचा फोन आला.

"आता तरी फोडू का नारळ?" कंत्राटदारांनी विचारलं.

"फोडा. दगडावर."

त्या दुसऱ्या नारळाचे चाळीस रुपये मी नाक्यावरच्या टपरीवाल्याला दिले.