बुद्धापुढचा चमचा

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधले आमचे शेजारी लोकोशेडात फिटर होते. त्यांना एका जागी बसवत नसे. चहासुद्धा ओट्यावर येरझाऱ्या घालत प्यायचे. बोलणं एकच: "बुद्धांनी सांगितलंय, मी म्हंतो म्हनून मानू नका, तपासून बघा. सायन्स तरी दुसरं काय सांगतं?"

गणपती दूध पितो अशी बातमी आली, त्या सकाळी देवळापुढं रांग लागली. दुसऱ्याच्या देवाला कशाला हात लावा, म्हणून यांनी घरातली दगडी बुद्धमूर्ती ओट्यावर आणली आणि तिच्या ओठांशी दुधाचा चमचा धरला. चमचा रिता झाला. "पीत न्हाई, दगडावरनं खाली ओघळतंय!" मूर्तीची ओली हनुवटी दाखवत ते सगळ्यांना ओरडून सांगत होते.

दुपारी "बुद्धबी पितोय" म्हणत लोक दुधाचे तांबे घेऊन त्यांच्याच दारात उभे. त्यांची बायको आत धुसफुसत होती. मलाही धड हसता येईना. ते तरातरा आत गेले, वरवंटा आणून उभा केला आणि त्यालाही दूध पाजलं. "आता तरी पटलं का?"

रांगेतली पहिली म्हातारी गहिवरली. "व्हय रं बाबा, सगळीकडं त्योच हाय," म्हणत तिनं वरवंट्याला हात जोडले.

त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.